बाईंच्या दारचा ढापा

आमच्या नगरपालिकेत मी वीस वर्षं सभेचं इतिवृत्त लिहिलं. लोकांना वाटतं, आधी सभा होते आणि मग कारकून तिचं इतिवृत्त लिहितो. असल्याच गैरसमजात लोक मतं देत असतात. मी ते सभेच्या आदल्या दिवशी, जेवणानंतर सुपारी चघळत लिहून मोकळा व्हायचो. सूचक कोण, अनुमोदक कोण, कशावर ‘सविस्तर चर्चा’ झाली, सगळं. दुसऱ्या दिवशी सभा व्हायची आणि त्या सगळ्या वर्षांत मला एकदाही खाडाखोड करावी लागली नाही. यावरून काय ते समजा.

सभेची एक वहिवाट होती. पहिला विषय श्रद्धांजलीचा, दुसरा अभिनंदनाचा. मेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं, ते झालं की जिवंतांना शाल-नारळ. कुणाचा मेहुणा साखर कारखान्यावर निवडून आलेला, कुणाची पोरगी बारावीत चमकलेली. हार घालता घालता वसमतला हळद काय भावानं गेली त्याच्या गप्पा. एवढ्यात कोपऱ्यावरच्या हॉटेलातून गरम भजे यायचे, आणि भजे आले की सभा संपली. हा नियम कुठल्या कायद्यात नाही, पण इतका कडक पाळलेला दुसरा नियम मी त्या इमारतीत पाहिला नाही. राहिलेले विषय ‘वेळेअभावी पुढील सभेत’. सह्या तेलकट बोटांनीच व्हायच्या. हजेरी रजिस्टरच्या कित्येक पानांतून अजून पलीकडचं दिसतं.

त्या राहिलेल्या विषयांत एक बाईंचा होता. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या शिक्षिका, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेल्या. निम्म्या सदस्यांना बाराखडी त्यांनीच शिकवली होती, मलाही. मुलगा-सुनेजवळ शहराच्या पार टोकाला राहायच्या. त्यांच्या दारासमोरून दोन फूट रुंद उघडी नाली जायची. पायरी अलीकडे, गल्ली पलीकडे. बाईंचं मागणं एवढंच होतं, की दारापुढं नालीवर झाकणाचा एक दगडी ढापा टाका, या वयात घराबाहेर पडायला रोज उडी मारवत नाही. नगराध्यक्षांच्या गल्लीत जिथं नाली नाही तिथंही ढापे होते.

दर महिन्याला बाई यायच्या. जयभीम करून माझ्या टेबलासमोर बसायच्या.

“काय रे, माझा विषय कितवा?”

“चौदावा, बाई.”

“मागच्या खेपेला बी चौदावाच होता.”

“या टायमाला होईल बाई.”

“वर्षभरापासून होईल म्हणून राहिलास तू. वर्गात बी असाच होतास. वही कोरी अन् हात वर.”

मी हसायचो. लाज वाटायची, तरी हसायचो. विषयपत्रिका मीच तयार करत होतो. चौदावा विषय तिसरा करायला मला पेन उचलण्यापलीकडे काही लागत नव्हतं. पण कुणी सांगितलं नाही, म्हणून मी केलं नाही. शहाणा कारकून न सांगितलेलं करत नाही.

एकदा बाई थेट सभेतच येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. सदस्य धावत येऊन त्यांच्या पाया पडले. नगराध्यक्ष म्हणाले, “बाई, तुमी काहून तकलीफ घेतली? नुसता फोन करायचा व्हता!” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बाईंना भज्यांची प्लेट दिली. प्लेट आली म्हणजे सभा संपलीच होती, हे बिचाऱ्या बाईंना ठाऊक नव्हतं.

पोळ्याच्या सुमारास बाई नालीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणावरून त्या पुन्हा उठल्या नाहीत आणि दिवाळीच्या आधी गेल्या.

पुढच्या सभेत बाई चौदाव्या नंबरावरून एकदम पहिल्यावर आल्या. ‘कधीही न भरून निघणारी हानी’ हे मी नेहमीप्रमाणे आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. नगराध्यक्षांनी रुमाल डोळ्यांना लावला. दोन मिनिटांच्या शांततेत एकाचा मोबाईल वाजला, तो त्यानं बाहेर जाऊन घेतला. मग कुणीतरी म्हणालं, गल्लीला बाईंचं नाव द्या. टेबलं वाजली. वीस वर्षांत न ठरवता झालेला तेवढा एकच ठराव मी पाहिला; तो इतिवृत्ताच्या शेवटी वाढवला. ढाप्याचा विषय त्याच कागदावर खाली चौदावा होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात भजे आले, आणि मी प्लेट घेतली.

पाटी आठ दिवसांत तयार झाली. चार फुटी, काळ्या फरशीची. वर एका ओळीत बाईंचं नाव आणि खाली नगराध्यक्षांपासून शेवटच्या सदस्यापर्यंत सगळ्यांची नावं, बाईंच्या नावापेक्षा जाड अक्षरांत. गल्लीच्या तोंडाशी ती उभी केली, नारळ फोडला, फोटो काढले.

महिनाभरात पाटी जागेवरून गायब झाली. नगराध्यक्ष माझ्यावर ओरडले, “कोणाला मस्ती आली एवढी? नोटीस काढा!” नोटीस मीच लिहिली आणि त्या गल्लीत द्यायलाही मीच गेलो.

पाटी शोधावी लागली नाही. बाईंच्या दारापुढं नालीवर ती आडवी टाकलेली होती, अक्षरं वर करून. दारात बाईंची सून उभी होती.

“या की साहेब आत. आता उडी मारावं लागत न्हाई.”

मी खाली पाहिलं. बाईंच्या नावाची ओळ तेवढी पायरीखाली सरकवून वरून सिमेंटनं लिंपली होती. तिच्यावर कुणाचा पाय पडणार नव्हता. बाकी सगळी नावं उघडी होती आणि चपलांच्या चिखलानं भरली होती. नगराध्यक्षांचं नाव बरोबर पाय पडतो तिथं आलं होतं. माझं नाव त्यात नव्हतं. न्यायानं पाहिलं तर ते सगळ्यांत आधी तिथं असायला हवं होतं.

नोटीस खिशातच ठेवली. सवयीनं चप्पल काढायला वाकलो आणि तसाच सरळ झालो. चपलेसकट त्या फरशीवर पाय ठेवला, जरा दाबूनच, आणि बाईंच्या घरात गेलो.