ओल्या रंगावरचं स्वस्तिक

मुंबईच्या विमानतळावर माझ्या बॅगेचं वजन दोन किलोनं जास्त भरलं आणि प्रवासाची सुरुवातच भांडणानं झाली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काहीतरी काढा. मी चिवड्याचा डबा काढून बायकोच्या हातात दिला. ती म्हणाली, "पोराला चिवडा नको आणि हातोडा हवा होय?" मी सगळ्या रांगेसमोर तिच्यावर खेकसलो. तिच्या आईला एकटं सोडून तिला येता येत नव्हतं, म्हणून चिवडा तरी जाऊ दे एवढंच तिचं म्हणणं होतं. पण बॅगेत माझा पत्रा ठोकायचा हातोडा होता, पत्र्याखाली धरायचा लोखंडी ठोकळा होता आणि रंग फवारायची माझी जुनी गन होती. कोल्हापुरात छत्तीस वर्षं मी या तीन वस्तूंवर घर चालवलं.

सुयोगनं, म्हणजे माझ्या मुलानं, फोनवर सांगितलं होतं, "बाबा, गाडी होत आलीय. रंगाच्या वेळी तुम्ही पाहिजेतच." त्या एका वाक्यावर मी सदुसष्टाव्या वर्षी व्हिसाच्या रांगेत उभा राहिलो होतो.

अमेरिकेत उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानं माझी बॅग उघडली. गन नाकाशी नेली. थिनरचा वास छत्तीस वर्षांचा होता, तो काय एका धुण्यात जातोय? तो मला काहीबाही विचारत राहिला आणि मी "कार पेंट, कार पेंट" म्हणत राहिलो. त्यानं शेवटी सोडलं, पण पुढचं विमान निघून गेलं होतं. चार तास एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कुणाला कळत नव्हतं, त्यामुळे मोठ्यानं केला.

सुयोग राहतो नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये. उंच उंच पाइनची झाडं आणि त्यांच्यामध्ये एकसारखी घरं. आपलं घर कोणतं हे कळायला नंबरच वाचावा लागतो. दुकानात गवार मिळते, कढीपत्ता मिळतो, संध्याकाळी फिरायला निघालं की चार घरांतून मराठी ऐकू येतं. मार्च उलटत आला की पाइनचा पिवळा पराग पडायला लागतो. रस्ते, गाड्या, खिडक्या, सगळ्यावर हळदीसारखा थर. सून केतकी नागपूरची. ती म्हणाली, "बाबा, हे असं महिनाभर चालतं. रोज पुसायचं नि रोज शिंकायचं."

गॅरेजचं दार वर गेलं आणि गाडी दिसली. हिला ते हॉट रॉड म्हणतात (छत कापून बुटकी केलेली, मडगार्ड काढलेली आणि आत मोठं इंजिन बसवलेली जोरात पळणारी जुनी गाडी). नव्वद वर्षांपूर्वीचं धूड. सुयोगनं एका शेतातून गंजलेलं उचलून आणलं होतं आणि चार वर्षं सुट्टीच्या दिवशी स्वतः जोडलं होतं. अजून रंग नव्हता, राखाडी अस्तर होतं. मी पत्र्यावरून हात फिरवला. सुयोग माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

"हातोडा कुठं ठेवू?" मी विचारलं.

"अहो बाबा, हातोडा कशाला आणलात? डेंटिंग सगळं झालंय. डेलनं केलं."

डेल हा शेजारचा म्हातारा. माझ्याच वयाचा, कारखान्यात आयुष्यभर वेल्डिंग केलेला, पांढरी दाढी छातीपर्यंत. माणूस वाईट नव्हता, हे मी आज लिहू शकतो. तेव्हा मला तो डोळ्यासमोर नको होता. सुयोगनं माझ्यासमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "डेल इज लाइक अ फादर टू मी, इन धिस गॅरेज." इंग्रजी मला फार येत नाही. एवढं येतं.

पुढचे तीन आठवडे मी पाहुणा होतो. मी सँडपेपर उचलला की, "बाबा, राहू दे, धूळ आहे." जॅकजवळ गेलो की, "बाबा, गुडघे." मला गॅरेजच्या दारात एक कापडी आरामखुर्ची दिली होती. चहा यायचा, सोबत बदाम यायचे. आत तो आणि डेल पत्रा घासत राहायचे आणि मी बाहेर परागानं पिवळा होत बसायचो. सुयोग फोनवर व्हिडिओ लावून रंगाचं मिश्रण कसं करायचं ते बघायचा. शेजारी बाप बसलाय, ज्यानं अर्ध्या जिल्ह्याच्या ट्रकांना रंग मारलाय, आणि हा टोपी उलटी घातलेल्या कुठल्यातरी पोराचं ऐकतोय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण मी तोंड उघडलं नाही. त्यानं म्हणावं, "बाबा, तुम्ही मारा." मी का म्हणू?

एका रविवारी त्यांची मित्रमंडळी जेवायला आली. घरोघरून एकेक पदार्थ आणायची इथली पद्धत. कुणी वांग्याचं भरीत आणलं होतं, कुणी पनीरचं काहीतरी. पुण्याच्या एका मुलानं मला विचारलं, "काका, तुम्ही रिटायर्ड का? कशात होतात?"

मी तोंडातला घास गिळेपर्यंत सुयोगनंच उत्तर दिलं. "बाबांचा ऑटोमोबाइल बिझनेस होता, कोल्हापूरला."

"बिझनेस नव्हता," मी म्हटलं. "एक पत्र्याची शेड आणि चार माणसं. मी गाड्यांना रंग मारायचो."

लगेच कुणीतरी भरिताचं कौतुक केलं. सुयोग माझ्याकडे बघेना. मला वाटलं, म्हणून हा मला गनला हात लावू देत नाही. बाप रंगारी आहे हे शेजाऱ्यांना दिसेल ना!

पाडव्याच्या तीन दिवस आधी सुयोगनं रंग मारला. गॅरेजमध्ये सगळीकडे प्लास्टिक लावून, अंतराळात जायचं असल्यासारखा मुखवटा घालून. मला घरात बसवलं. दार घट्ट बंद. लोण्यासारखा फिकट रंग निवडला होता. दुसऱ्या दिवशी बघितलं तर काम वाईट नव्हतं. पण थर जाड बसला होता, हवेत अजून गारठा होता, आणि असला रंग वरून सुकलेला दिसला तरी आतून मऊच असतो. त्याला तीन आठवडे कुणी बोट लावता कामा नये.

केतकी म्हणाली, "पाडवा साडेतीन मुहूर्तांतला. गाडीची पूजा त्याच दिवशी करू. शनिवारी तर तिला मेळाव्याला न्यायचीय."

शहराबाहेरच्या मैदानात जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता. चार वर्षांनी गाडी पहिल्यांदा लोकांसमोर जाणार होती. सुयोग म्हणाला, "डब्यावर चोवीस तास लिहिलंय. आपले तर पाडव्यापर्यंत तीन दिवस होतील. आणि पूजा मात्र बाबांनीच करायची हं. घरातले मोठे तुम्ही."

पूजेपुरता बाप! मी हो म्हटलं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली, श्रीखंड झालं, दहा-बारा माणसं जमली, डेलही इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी पूजेआधी गॅरेजमध्ये गेलो आणि बॉनेटच्या आतल्या कडेला, जिथं कुणाला दिसणार नाही, तिथं नख दाबलं. नख रुतलं. मी हात मागे घेतला आणि कुणाला काही बोललो नाही.

केतकीनं वाटी दिली. "पाण्यानं ओघळतं म्हणून कुंकू तेलात कालवलंय, बाबा."

मी अंगठा बुडवला आणि बॉनेटच्या मधोमध स्वस्तिक काढलं. हलक्या हातानं नाही. नीट दाबून काढलं. शेजारी हळदीची पाच बोटं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ बाहेर फोडला.

जेवणानंतर सुयोग पुसायला गेला. कुंकू निघालं, पण लाल डाग आत उतरला होता. त्यानं कापडाला कसलंसं द्रावण लावून घासलं, तर डाग पसरला आणि मऊ रंग कापडाला चिकटून आला. मधोमध लालसर स्वस्तिक, त्याच्या टोकाला माझ्या अंगठ्याचा ठसा, रेघन्‌रेघ.

मी तयारीत उभा होतो. आता ओरडेल. तो खाली बसला, दोन्ही हातांनी डोकं धरलं, आणि मग उठून माझ्याजवळ आला. "इट्स ओके, बाबा. तुम्हाला कसं माहीत असणार."

केतकी रडवेली झाली होती, तीही म्हणाली, "चूक माझी आहे. बाबांना काय माहीत!" पुण्याचा तो मुलगा कुजबुजला, "जाऊ दे यार, काका बिचारे..."

बिचारे! कानफटात मारली असती तर एवढं लागलं नसतं. मी छत्तीस वर्षं रंगातलं काळंबेरं ओळखलं आणि माझ्याच पोराच्या घरात मला काय माहीत! मी तडक खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये डेल बॉनेट खोलत होता. सुयोग पाने देत होता. डेलनं बॉनेट उलटं केलं, आतल्या कडेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिथं माझं नख उमटलं होतं. तो सावकाश, मला कळेल असं बोलला. "यू चेक्ड इट. यू न्यू." म्हणजे, तू तपासलंस, तुला माहीत होतं.

तिथं हाच एक माणूस होता ज्याला मी कारागीर वाटलो. मी सुयोगला म्हणालो, "मला माहीत होतं. रंग ओला आहे हे मला पूजेआधीच माहीत होतं."

"काय?"

"माहीत असून बोट दाबलं."

तीन आठवडे "इट्स ओके" म्हणणारा माझा मुलगा एका क्षणात आमच्या शेडमधली भाषा बोलायला लागला. "चार वर्सं मी हितं झक मारत हुतो काय? कशाला केलंसा? डोस्कं फिरलंय काय तुमचं?"

"मला रंग मारायला दिला नाहीस म्हणून."

"मागितला हुता कधी? एकदा तरी म्हणालासा?" त्यानं पाना फरशीवर आपटला. "तुमचा खोकला ऐकत मी दहावी केली. त्या रंगानं रात्रभर ढास लागायची तुम्हाला. ह्या बंद गॅरेजात मी तुम्हाला पुन्हा गन धरू देणार हाय व्हय?"

तो दारूच्या गुत्त्यावर भांडावं तसा भांडत होता, आणि खरं सांगतो, मला ते हवं होतं. काम येत असून मुद्दाम बिघडवणाऱ्याला कसं बोलतात, तसंच तो मला बोलत होता. डेलला एक अक्षर कळत नव्हतं, पण तो शहाणा माणूस, घरी निघून गेला.

शनिवारी गाडी बॉनेटशिवाय मेळाव्याला गेली. डेलनंच सुचवलं. तिथल्या निम्म्या गाड्यांची इंजिनं उघडीच होती, कुणाला काही वावगं वाटलं नाही. लोक येऊन वाकून बघत होते, सुयोग सगळ्यांना समजावून सांगत होता. माझ्याशी तो दोन दिवस बोलला नव्हता. तिथंही नाही.

रविवारी त्यानं बॉनेट माझ्यासमोर ठेवलं, वर मुखवटा ठेवला. "हे तुम्ही करायचं. मास्क एकदा जरी काढला तर बंद."

मी रंग खरवडला, अस्तर मारलं, घासलं, माझ्या गननं रंग मारला. इतक्या वर्षांचा हात, वाटलं डोळे मिटून होईल. पण त्या मुखवट्यात आणि चष्म्यात पत्रा नीट दिसेना. दुसऱ्या दिवशी सुयोगनं बॉनेट उजेडात तिरकं धरलं. "इथं ओघळ आलाय. आणि इथं पराग बसलाय. काढा आणि परत मारा."

माझं रक्त उसळलं. मी जवळ जाऊन बघितलं. ओघळ होता.

मी काढलं आणि परत मारलं. त्या वेळी त्यानं कड बघितली, मध्य बघितला, काही न बोलता बॉनेट उचलून गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यात सुकायला ठेवलं, त्यावर चादर बांधली आणि केतकीला बजावलं, कुणी तिकडे फिरकायचं नाही. आठवड्यानं मी परत निघालो. विमानतळावर त्यानं वाकून नमस्कार केला.

कोल्हापूरला आल्यावर बायकोनं पहिल्यांदा विचारलं, "रंगाला काय म्हणाला?"

"काही नाही."

"एवढं राबून एक शब्द नाही?"

"माझ्या शेडमध्ये मी तरी कुणाला शाबासकी देत होतो? काम बरोबर असलं की गप्प बसायचो. तो गप्प बसला."

ती चहा गाळत होती. "आणि तुम्ही काय म्हणालात? त्याच्या गाडीला?"

मी आठवून बघितलं. पहिल्या दिवशी पत्र्यावरून हात फिरवला तेव्हा. रंग सुकला तेव्हा. मेळाव्यात लोक वाकून बघत होते तेव्हा. दीड महिना मी त्या गाडीसमोर खुर्ची टाकून बसलो होतो आणि माझा राग कुरवाळत होतो. तो बसला असेल वाट बघत, मी बसलो होतो तसाच.

मी चहा तसाच ठेवून फोन लावला. तो म्हणाला, "काय झालं, बाबा?" मी म्हटलं, "गाडी चांगली केलीस. मला जमली नसती." तो म्हणाला, "बरं," आणि फोन केतकीकडे दिला.

हे एवढं वाक्य बोलायला मला अमेरिकेला जाऊन घरी परत यावं लागलं, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.