सक्तीचा नसलेला रकाना

कुरुळीतल्या माझ्या दवाखान्यातले जुने केसपेपर संगणकावर चढवायला सॉफ्टवेअरवाल्यांनी एक माणूस पाठवला होता. चार दिवस तो माझ्या शेजारी बसला. केसपेपर तो दोन बोटांच्या चिमटीत धरायचा आणि प्रत्येक गठ्ठ्यानंतर हाताला सॅनिटायझर चोळायचा. पेशंट आत आला की खुर्ची मागे सरकवायचा. "सर, आता डोक्याला ताप नाही, सगळं स्क्रीनवर," असं मलाच वर ऐकवायचा.

चौथ्या दिवशी कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाणारी एक लातूरकडची बाई घसा धरून आली. स्क्रीनवर काहीच सूचना नव्हती, म्हणून मी गोळ्यांची पट्टी पुढे केली. ती दचकलीच. "डॉक्टर, ह्याच गोळीनं मागं माझं तोंड सुजलं होतं की! तुम्हीच लाल पेनानं लिहिलं होतं."

मी तिचा केसपेपर शोधला. लाल अक्षरं ठसठशीत होती.

त्याने बाईकडे बघितलंही नाही. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "सर, ॲलर्जीचा रकाना सक्तीचा नाहीये. मोबाईल नंबर सक्तीचा आहे, तो बघा, सगळ्यांचा भरलाय."

अशा माणसाला काय बोलणार? आणि त्याच्या कामाच्या कागदावर न तपासता रोज सही करणाऱ्या मला तरी?

रविवारी मी एकटाच सगळे केसपेपर घेऊन बसलो. असे आणखी चौघे सापडले. चौघांनाही फोन करून सांगितलं, "कुठंही औषध घेताना आधी स्वतः सांगत जा. संगणकावर विसंबू नका. माझ्यावरसुद्धा."