उजीची माय मरत नाही

वाटूरच्या फाट्यावरून मी पुण्याला निघाले तेव्हा माय रडली नाही. ती कंडक्टरशी भांडत होती. ज्वारीचं पोतं गाडीत घ्यायला तो तयार नव्हता आणि पोत्याशिवाय पोरीला पाठवायला माय तयार नव्हती. शेवटी पोतं माझ्या पायाशी आलं आणि बस हलली. माझे वडील, बापू, खिडकीजवळ चालत "नीट राह्य" एवढंच म्हणाले. माझं हात हलवायचंही राहून गेलं.

गावी राहिलेल्या तुम्हा लोकांना आणि माझ्यासारख्या पांगलेल्यांनाही हे सांगायचंय. माझी कादंबरी आल्यापासून तुम्ही सगळे मलाच शाबासकी देताय, आणि ती अर्धी दुसरीच्या हक्काची आहे.

पुण्यात मी आठवडाभर ऑफिसात जाहिराती लिहायची आणि सुट्टीच्या दिवशी कादंबरी. जग बुडाल्यानंतरची. वीज कायमची गेलेली, मोबाइल मुके, शहरं ओस, आणि जालन्याच्या माळावर सोळा वर्षांची उजी एकटी. बापूंना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "लाईट गेली म्हंजी दुनिया खतम? मंग वाटूरात रोजच होती की!"

प्रकाशनाच्या संपादकबाईंना लिखाण आवडलं, पण त्या म्हणाल्या, "उजी पळते, लढते, जगते. मोठी मात्र होत नाही. ते जमलं तर छापू." मला भयंकर राग आला. उजीला जखम दिली, प्रेमात पाडलं, वाघासमोर उभं केलं. पोरगी होती तशीच राहिली. हे जमलं नाही तर पुन्हा लेखणीला हात लावायचा नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

त्याच सुमारास माय राहायला आली. ती मेथी निवडत होती आणि मी सुरुवात वाचून दाखवत होते. तिनं मध्येच विचारलं, "अन् उजीची माय कुठंय?"

"गेली. पहिल्याच पानावर."

"कशानं?"

"जग बुडालं ना, माय."

"पोरगी न्हाई बुडाली, मायच बराबर बुडाली?"

मी समजावलं की असल्या कादंबऱ्यांत आईबापांना आधी बाजूला काढावं लागतं, नाहीतर ते पोरांना काही करूच देत नाहीत. माय डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग तिनं तिच्या पोरपणातली गोष्ट काढली. आमची माणसं तेव्हा मेंढ्या घेऊन फिरायची. मुक्काम हलला की बाया घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढे जायच्या, जागा बघून चूल मांडायच्या, आणि पुरुष मेंढ्या चारत मागून यायचे. एकदा मायच्या आईला वाटेतच ताप भरला. तिला घोड्यावर बसवलं आणि लगाम मायच्या हातात आला. पाणी कुठं आहे, रात्री खतासाठी मेंढ्या बसवायला कोण शेत देईल, सगळं तिनंच ठरवायचं होतं. कुंभार पिंपळगावच्या अलीकडे ती एका शेतकऱ्याशी बोलली आणि थांबली.

"भ्याली न्हाईस?" मी विचारलं. मायशी बोलताना माझी पुण्याची भाषा आपोआप गळून पडते.

"लई भ्याले. चूल पेटवून राह्यले अन् घडीघडी मागं बघून राह्यले. जागा चुकली तर बाप काय म्हणंल!"

"मंग काय म्हणले?"

"इथंच का थांबली, हे कुणी इचारलंच न्हाई. बापानं घोंगडं टाकलं, बसला अन् म्हणला, वाढ. तवा कळलं मला, आपण मोठं झालो."

मी सगळी कादंबरी पुन्हा लिहिली. कुणालाही मारलं नाही. खोकणारी माय, कुरकुरणारा बाप आणि अख्खं गाव मागून चालतंय, आणि पुढे घोड्याचा लगाम धरून उजी. आता ती चुकली असती तर सगळेच तहानेनं मेले असते. गोदावरीकाठी तिनं जागा निवडली, चूल मांडली, आणि मागून आलेले न बोलता जेवायला बसले. ते पान लिहिताना मी ढसाढसा रडले. संपादकबाईंचा फोन आला, "झाली हो तुमची उजी मोठी!" तेव्हा मी फ्लॅटमध्ये एवढी नाचले की खालच्या काकू बघायला वर आल्या.

पुस्तक आल्यावर तीर्थपुरीच्या एका शाळेनं मला बोलावलं. माय नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, शेवटी समदं ठीक होतं ना, मंग उजी घरी वापस का जात न्हाई?" दर दिवाळीला गावी आले की माझ्याबद्दल हाच प्रश्न तुम्ही विचारता आणि दर दिवाळीला मी काहीतरी गुळमुळीत बोलते. त्या दिवशीही तेच झालं असतं, पण माय उठली. तिला माइकची गरज नव्हती.

"ती थांबली तिथं समदे आले की! मंग वापस कुठं जायाचं, बाई?"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं आणि माय पदर सावरत अशी बसली, जणू पुस्तक तिनंच लिहिलंय.

पुण्यातल्या जागेला मी इतकी वर्षं "रूम" म्हणायची. त्या खेपेला परतल्यावर कुलूप उघडलं, दिवा लावला आणि वाटूरला फोन केला, "माय, घरी पोचले."