विहीणबाईचं रीळ

माझ्या विहीणबाईइतकी माणसाला जळवणारी बाई निपाणीपासून बेळगावपर्यंत दुसरी सापडायची नाही. शहापूरच्या विणकराच्या घरातली, माशाला कधी तोंड न लावलेली बाई लेकीकडं राहायला आली की आमच्या गावच्या तळ्यावर मासे धरते. धरते आणि परत पाण्यात सोडते! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "खायाचं न्हाय तर धरता कशाला?" तर म्हणते, "आक्का, लुगडं इणलं म्हणून काय आपणच नेसायचं?"

गळ टाकायला तिला मीच शिकवलं, ही माझी चूक. तळ्यातली मरळ धरावी तर मीच, हे गावाला ठाऊक होतं. पण अलीकडे काठाला जलपर्णी माजली, मरळ पलीकडे सरकली आणि माझा हातगळ तिथवर पोचेना. मी गप्प बसले. विहीणबाई बसली नाही. "लांब टाकायचं रीळ असतंय म्हणं," असं तिनं जावयाच्या कानात घातलं. जावई म्हणजे माझा मुलगा. आईला त्यानं कधी साधा गळ आणून दिला नाही. सासूला मात्र गाडीवर बसवून बेळगावच्या दुकानात नेलं. मीही हट्टानं मागून बसनं गेले.

दुकानदारानं चकचकीत लाल रीळ पुढं ठेवलं. हिनं ते कानाला लावलं, डोळे मिटले आणि चकरी फिरवली. जन्मभर मागाच्या कांड्या भरलेली बाई. तिला रंगाचं काय! मग पिशवीतून मरळीला भुलवायचा आपला जड रबरी बेडूक काढला, दोऱ्याला बांधला आणि खाली सोडला. "बेडूक भुईला टेकला की चकरी थांबाय पायजे. ही फिरतीच हाय. दोरा गुततोय बघा." दुकानदारानं बाजूचा खटका आवळून दाखवला, तर म्हणाली, "ते झालं. पण चकरी उथळ हाय, लांब जायाला दोरा कुठं मावतोय? आणि दातं नाजूक. जड बेडूक ओढताना झिजतील." सगळं कपाट खाली उतरवून शेवटी तिनं रुंद चकरीचं, काळं, कुरूप रीळ उचललं. दुकानदार म्हणाला, "आज्जी, हे हाताला जड पडंल." "माग ओढलेत ह्या हातांनी, गप ऱ्हा." माझा मुलगा कौतुकानं हसला. मी मरळ आणायची तेव्हा लहानपणी असाच हसायचा. मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले.

तळ्यावर तिचा बेडूक जलपर्णीवरून उडत थेट मोकळ्या पाण्यात पडला. मला राहवलं नाही. "द्या इकडं," म्हणून रॉड हिसकावला, हातगळासारखा जीव खाऊन फेकला आणि चकरीवरचा अंगठा उचलला तो उचललाच. चकरी भिरभिरली अन् दोऱ्याचं सुगरणीचं घरटं झालं. "कोयत्यानं तोडा," मी म्हटलं. ती केवढ्यानं दचकली! "गुतलेला दोरा तोडायचा नसतोय आक्का. मागावर दोरा तोडला की सासू उपाशी ठिवायची." आणि बांधावर मांडी घालून, पोलक्याची पिन काढून, ऊन कलेपर्यंत एकेक पीळ सोडवत बसली. पलीकडं मरळ उसळत होती. हिनं मान वर केली नाही. सुटल्यावर खटका आवळला, रीळ माझ्याच हातात दिलं आणि माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. "सोडा. टेकताना दाबा."

बेडूक तिच्या निम्म्यावर पडला. पण मरळीनं तो घेतला.

त्या दिवशी मी कालवण केलं. विहीणबाई सोप्यात झुणका-भाकरी खात होती. तिथूनच ओरडली, "ग्वाड लागतीया व्हय?"

"बरी हाय," मी म्हटलं.

आईनं मरळ धरली, असं मुलगा गावभर सांगत सुटला. हिनं त्यात एक शब्द घातला नाही. त्याचाही मला रागच आला.

अजून तिचा बेडूक माझ्या दुप्पट लांब पडतो आणि मी तोंड फिरवते. ती शहापूरला गेली की रीळ माझ्याकडंच ठेवून जाते. वाटतं, बरं झालं, आता तळं आपलं. एकटी जाते, फेकते. पण लांब पडला की जवळ, हे कशावरून ठरवायचं तेच कळत नाही. मग लवकर घरी येते.