विहिरीतली जुनी नदी

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या आमच्या मळ्यात मोटेची विहीर खणायला आलेला तो म्हातारा प्रत्येक थराची माती जिभेवर ठेवून बघायचा. पांढरी चुनखडी लागली तेव्हा ती साचली त्या जुन्या काळाबद्दल म्हणाला, "तवय पानी कमी पडे."

सहा परस, म्हणजे सहा माणसं एकावर एक उभी राहतील इतक्या खोलीवर वाळूत गोल गोटे लागले. पाणी जवळ आलं म्हणून त्याच्यासोबत खाली उतरलेला मी हरखलो, त्याचा चेहरा मात्र उतरला.

"भाऊ, आठे नदी व्हती. वर चाला."

तापी तर इथून अर्धा कोस लांब, म्हणून मी हसलो. बाजूची वाळू झरू लागली होती. त्यानं माझ्या हातात दोर कोंबला, मला आधी चढवलं. तो काठावर आला तोच अख्खी बाजू ढासळली.

मला वाटलं, हसलो म्हणून आता मला शिव्या घालील. पण त्यानं खड्ड्याकडे बघून त्या जुन्या नदीला हात जोडले.

"माय, चुकनं आमनं."