पांढऱ्या फुलाची पुडी

अड्यारच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांच्या पदव्या पाटीवर मावत नव्हत्या. बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक तंजावरी मराठी गृहस्थ मुलीला घेऊन बसले होते. तिच्या फिट्स कुठल्याच गोळीला दाद देत नव्हत्या. आता नसा बधिर करणारं एक विष तिच्या मेंदूत किंचित टोचून पाहायचं होतं. प्रयोगच होता, आणि होकार आज द्यायचा होता.

गृहस्थ खिशातली कागदाची पुडी सारखी उघडून बघत होते, जणू आतल्या पांढऱ्या फुलाचा रंग बदलेल. सकाळी देवीपुढे लाल आणि पांढऱ्या फुलाच्या दोन पुड्या ठेवून त्यांनी मुलीला एक उचलायला लावली होती.

"मग कौल मिळाला की," मी म्हणालो.

"कुठला, सार? पांढरं म्हणजे हो, असं मी मनात धरलेलं. हिची आई म्हणते, तिनं लाल म्हणजे हो धरलेलं."

मुलगी हसली. "पुडी मी उचलली, अप्पा. मी काय धरलेलं, ते विचारलंत?"

"काय गं?"

"कुठलंही आलं तरी टोचून घ्यायचं."

आतून हाक आली. ती आधी उठली. अप्पा पुडी पुन्हा उघडून बघत तिच्यामागे गेले. त्यांचा थोडा गोंधळ बाकावर माझ्याजवळही राहिला.