भोंग्यानंतरची हाक

हुडको वसाहतीतल्या कारखाना-कामगारांच्या त्या ओळीत एक अलिखित कायदा होता. ज्या घराच्या फाटकाला भरदिवसा गमछा बांधलेला दिसेल, तिथे रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असणार. मग भाजीवालाही आवाज गिळून पुढे सरकायचा आणि पोरं आपलं क्रिकेट पलीकडच्या गल्लीत न्यायची.

पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये रूळ बनवणाऱ्या तेजरामच्या फाटकाला गमछा बांधायची त्याची मुलगी वसुंधरा. आई गेली तेव्हा ती सहावीत होती, तेव्हापासून. दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की बापाच्या पायाला हात लावून "बाबा, उठा, जेवून घ्या" म्हणायचं, हेही तिचंच काम. तेजरामची झोप कुंभकर्णाची. दोनतीन हाका घेतल्याशिवाय गडी कूस बदलायचा नाही.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात वसुंधरा बारावी झाली, तीही गणितात शाळेत पहिली. गणिताच्या मॅडमनी बोलावून सांगितलं, "राजस्थानात एक कॉलेज आहे. पाच वर्षांत विज्ञानाची आणि व्यवस्थापनाची अशा दोन पदव्या एकदम देतात. देशभरातून मोजकीच मुलं घेतात. तू अर्ज कर." घरी येईपर्यंत पोरीनं मनातल्या मनात ट्रंकही भरली. फाटकावरचा गमछा दिसला आणि ट्रंक रिकामी झाली.

तेजरामला मात्र दोन पदव्यांची गोष्ट फार आवडली.

"रूळ कसा बनते तेही समजन, अन् विकाचा कसा तेही," तो म्हणाला. "आमच्या साहेबाले एकच येते. भर तू अर्ज."

"मले नाही जायचं. दुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी. करीन."

"कावून?"

"बस, नाही जायचं."

खरं कारण तिनं शेजारच्या सिंधुताईंना सांगितलं. मी गेल्यावर बाबांना उठवणार कोण? उपाशीच झोपून राहतील. सिंधुताईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या ओळीला ठाऊक होतं. पोरीला तेवढं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. वसुंधरा खोलीत गेली, तर तेजराम खाटेवर उठून बसलेला. तोंड धुतलेलं, भांग पाडलेला.

"बस," तो म्हणाला. "भोंग्यानं मले रोजच जाग येते."

"मग एवढ्या हाका कावून मारू देता?"

तेजराम आपल्या पायांकडे पाहत राहिला. "तुही माय गेल्यावर पयली नाइट करून आलो, अन् दुपारी असाच जागा पडून होतो. भोंगा झाला, पन हाक माराले कोनी नव्हतं. मंग उठाव कायले, असं वाटलं. तेवढ्यात तू आली. एवढीशी होती. पायाले हात लावून 'बाबा' म्हणली. तवापासून डोये मिटून तुही वाट पाहतो. एका हाकेनं पोट नाही भरत." मग तो म्हणाला, "सवय माही आहे, बाई. तिच्यापायी तू नको थांबू."

वसुंधराला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग रडूच कोसळलं. अर्ज त्याच दुपारी भरला गेला.

पुढच्या दिवशी भोंगा झाला, तेव्हा तेजराम डोळे मिटून पडला होता. पापण्या हलत होत्या. तिनं पायाला हात लावला.

"बाबा, उठा."

तो हलला नाही. तिनंही घाई केली नाही. खाटेच्या कडेला बसून तिनं पुन्हा हाक मारली, आणि मग आणखी एकदा.